सांगणाऱ्यांचं गणगोत

व्यवसाय काय, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही अशा माणसांपैकी मी एक आहे. शेतकरी म्हणवून घ्यावं तर उताऱ्यावर नाव नाही. शास्त्रज्ञ म्हणावं तर शेतकीची पदवी घेतल्यानंतर प्रयोगशाळेत पुन्हा पाऊल टाकलेलं नाही. पत्रकार म्हणावं तर कुठल्याच वर्तमानपत्राच्या हजेरीपटावर मी कधी नव्हते. तीसेक वर्षं मी झाडांविषयी, फुलांविषयी, परसबागेविषयी लिहीत आले. आकाशवाणीवर बोलले, रोपवाटिकांसाठी माहितीपत्रकं तयार केली, पुष्पप्रदर्शनांतून कुंड्यांसमोर ठेवायच्या चिठ्ठ्या लिहिल्या. आमच्या सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सूनबाई झाडांवर लिहिते." एकदा एका मावशींनी भाबडेपणानं विचारलं, "झाडांवर म्हणजे खोडावर?" सगळ्याजणी हसल्या. पण तेही अगदी खोटं नव्हतं, कारण शाळांच्या आवारातल्या झाडांवर नावाच्या पाट्या लावायचं कामही मी पुष्कळ केलं आहे.

रोपवाटिका, बियाणं, खतं, ठिबक, कुंड्या, बागा आखून देणारे, हारफुलांचे व्यापारी या साऱ्यांना मिळून आता 'ग्रीन इंडस्ट्री' म्हणायची पद्धत पडली आहे. या उद्योगात पिकवणारा असतो, विकणारा असतो, विकत घेणारा असतो; आणि या तिघांच्या मधे कुठंतरी सांगणारा असतो. अमेरिकेत अशा बागलेखकांची संघटना १९४८ सालीच स्थापन झाली. आमच्याकडे सभासदत्वाचं कार्ड नाही, वर्गणीची पावती नाही, घटना नाही. तरी आमचंही एक गणगोत आहे. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर आणि गोवा या चौकोनात पसरलेली ही दहा-पंधरा माणसं. त्यांच्यात मी कशी गेले आणि त्यांच्यामुळं माझं काय झालं, हे सांगावं म्हणून हा लेख.

सांगणाऱ्यांची जात तशी फार जुनी. गोव्यात १५६३ साली गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्यानं इथल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपात लिहिलेलं पुस्तक छापलं गेलं. त्यानंतर शतकाहून अधिक काळानं कोचीच्या डच अधिकाऱ्यानं, हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानं, मलबारच्या वनस्पतींवर एक प्रचंड ग्रंथ सिद्ध करवून घेतला. 'होर्तुस मलबारिकुस' या नावानं १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. त्यात झाडांची नावं एकाहून अधिक लिप्यांत कोरलेली आहेत आणि त्यांत आपली नागरीही आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी १६७५ साली दिलेला दाखला त्या ग्रंथात त्यांच्याच भाषेत, नागरी अक्षरांत छापलेला आहे. इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचा दाखला त्याच्या लिपीत आहे. आपण जे झाड ओळखलं ते खरं ओळखलं, अशी ही ग्वाही. मला तो दाखला म्हणजे आमच्या धंद्याचं पहिलं ओळखपत्र वाटतो. माणसं वेगवेगळ्या भाषांची, झाड एकच, आणि प्रत्येकानं आपल्या अक्षरात सही केलेली.

मराठीत तर या परंपरेला एक वेगळी धार आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पुरा केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये अन्यायाचा हिशेब आहे तसा माती वाहून जाण्याचा, बांधबंदिस्तीचा, पाण्याचाही विचार आहे. पुढं मुकुंदराव पाटलांनी १९१० साली 'दीनमित्र' नव्यानं सुरू केलं, तेही खेड्यात राहून. मग रेडिओ आला. १९५६ साली पुण्याच्या आसपासच्या पाच मराठी जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत 'रेडिओ रूरल फोरम'चा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि आपले प्रश्न केंद्राला कळवायचे. युनेस्कोनं त्याला मदत केली होती. सांगणाऱ्याला ऐकणाऱ्याचं उत्तर मिळावं, ही त्यातली खरी गोष्ट. तंजावरकडे तर एडीटी-२७ या भाताच्या जातीचा प्रसार रेडिओवरून इतका झाला, की लोक तिला 'रेडिओ भात'च म्हणू लागले. बोललेल्या शब्दात एवढं बळ असेल, तर बोलणाऱ्यावर किती जबाबदारी येते, हे निराळं सांगायला नको.

माझं शिक्षण धारवाडला झालं. तेव्हा तिथलं शेतकी महाविद्यालय बेंगळूरच्या कृषी विद्यापीठाखाली होतं. धारवाडला स्वतंत्र विद्यापीठ झालं ते १९८६ साली. मी बेळगावच्या मराठी शाळेतून आलेली. बाजारात भाजी घेण्यापुरतं कन्नड येत होतं, एवढंच. वर्गात इंग्रजी, वसतिगृहात कन्नड आणि स्वप्नात मराठी अशी पहिली दोन वर्षं गेली. झाडांनी मला कन्नड शिकवलं, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही. माळ्यांबरोबर वाफ्यातून हिंडताना मी बोट दाखवायची आणि ते नाव सांगायचे. जास्वंद म्हणजे दासवाळ. शेवंती म्हणजे सेवंतिगे. अबोली म्हणजे कनकांबर. निशिगंधाला तिथं सुगंधराज म्हणतात, हे कळलं तेव्हा त्या फुलाला बढती मिळाल्यासारखं वाटलं. झेंडूला ते चेंडूहू म्हणत, आणि आपल्या झेंडूतही चेंडूच लपला आहे की काय, असा मला संशय येई.

शिक्षण संपून लग्न झालं आणि मी शहापुरात सासरी आले. सासरे सीमा सत्याग्रहात हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आलेले. घरात मराठीचा अभिमान हा देव्हाऱ्यातल्या समईसारखा, रोज तेल घालून जपलेला. त्या घरातली सून धारवाडच्या आकाशवाणीवर कन्नडमधून परसबागेची माहिती सांगायला जाते, हे पचायला सोपं नव्हतं. सासरे काही बोलले नाहीत. पहिलं भाषण प्रसारित झालं त्या संध्याकाळी त्यांनी रेडिओ लावला, शेवटपर्यंत ऐकला आणि म्हणाले, "वांग्याच्या शेंडेअळीचं तू तिकडं सांगितलंस. आता आपल्या लोकांनाही सांग." त्या एका वाक्यानं मला मराठी सदर लिहायला लावलं.

धारवाड केंद्र १९५० सालचं. तिथल्या शेतकी विभागात मला जे गृहस्थ भेटले, त्यांना आम्ही सगळे अण्णाच म्हणत असू. अण्णा हा शब्द दोन्ही भाषांचा, त्यामुळं कुणालाच तो परका वाटत नसे. "बा तंगी, हेंग अदी?" म्हणजे "ये बहिणी, कशी आहेस?" असं म्हणून ते खुर्ची पुढं सरकवत. माझी संहिता हातात घेतली की त्यांची लाल पेन्सिल प्रथम एकच गोष्ट शोधी: आकडा. किती पाण्यात किती औषध, किती दिवसांनी, किती फुटांवर. आकडा दिसला की विचारीत, "हा कुठून आणलास?" विद्यापीठाच्या शिफारशीतून म्हटलं तर "कोणत्या वर्षाच्या?" हा पुढचा प्रश्न तयार असे. भाषेच्या चुका ते हसून दुरुस्त करीत. आकड्याच्या बाबतीत मात्र त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलत नसे.

अण्णांनीच मला मंडळींत नेलं. मंडळी म्हणजे काय, तर धारवाडच्या कृषी मेळ्यात एका चहाच्या टपरीशेजारी जमणारी, झाडांविषयी लिहिणारी-बोलणारी माणसं. एक गोव्याच्या शेतकी खात्यातून निवृत्त झालेले भाई, कोकणीतही लिहीत आणि मराठीतही. कोल्हापूरचे एक गुलाबवेडे प्राध्यापक. एका कन्नड शेतकी मासिकाचे संपादक. रोपवाटिकेची माहितीपत्रकं लिहिणाऱ्या एक काकू, ज्यांना कलमांच्या चाळीस जाती पानावरून ओळखता येत. पुढं आम्ही वर्षातून दोनदा भेटू लागलो: एकदा पावसाळ्याच्या शेवटी धारवाडच्या मेळ्यात, आणि जमलं तर जानेवारीत पुण्याला एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात. येताना प्रत्येकाच्या पिशवीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या फांद्या आणि कागदाच्या पुड्यांतलं बी असायचंच. भाई मानकुराद आंब्याचं कलम आणत, मी बेळगावी बासमतीची ओंब्यांसकट मूठ नेई. शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात या भाताला जो वास सुटतो, तो शब्दांत सांगता येत नाही. मूठच द्यावी लागते.

या मंडळींची एकच सामायिक मालमत्ता होती. ती म्हणजे एक शब्दवही. लांब आकाराची, जाड पुठ्ठ्याची. चार रकाने: मराठी, कन्नड, कोकणी आणि शास्त्रीय नाव. ती दर भेटीत एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी जाई. जास्वंदीपुढं दासवाळ, त्यापुढं दासवण. शेवग्यापुढं नुग्गे. झाडांपाठोपाठ रोग आले, किडी आल्या, आणि तिथं आमच्या हाती एक गंमत लागली. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखी पांढरी कीड बसते, तिला आपण पिठ्या ढेकूण म्हणतो. कन्नडमध्ये तिला हिट्टु तिगणे म्हणतात. हिट्टु म्हणजे पीठ आणि तिगणे म्हणजे ढेकूण! मक्याच्या पानावरच्या एका रोगाला आपण केवडा म्हणतो, तर तिकडं केदिगे, आणि केदिगे म्हणजे केवड्याचंच फूल. भुरीला ते बूदी रोग म्हणतात. बूदी म्हणजे राख. तांबेऱ्याला तुक्कु, म्हणजे गंज. दोन भाषांच्या शेतकऱ्यांनी वेगवेगळ्या बांधांवर उभं राहून तेच पाहिलं, आणि त्यांना तीच उपमा सुचली. आणि गाजरगवताचं काय सांगावं! १९५५-५६च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेत भरलेलं हे परदेशी तण सगळा देश पालथा घालून बसलं, पण दोन्ही भाषांत त्याला काँग्रेसचं गवत म्हणतात. या एका बाबतीत सीमेच्या अलीकडं-पलीकडं संपूर्ण एकमत.

शब्दवही ही हौस होती, पण तिच्यामागं भीतीही होती. खेड्यात कीटकनाशकाला 'औषध' म्हणतात, कन्नडमध्येही औषधच. औषध म्हटलं की ते बरं करणारं असणार, असा अर्थ मनात आपोआप उमटतो. डब्यावर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि सर्वांत कमी विषारी तो हिरवा. कमी विषारी म्हणजे बिनविषारी नव्हे. पण हिरवा रंग पाहून "हे झाडपाल्याचं दिसतंय" म्हणत तुळशीवर फवारणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि तीच तुळस दुसऱ्या दिवशी चहात. कीटकनाशकांचा कायदा १९६८ सालचा आहे. डब्यासोबत माहितीपत्रक येतं, त्यात अनेक भाषा असतात आणि सगळ्या मुंगीच्या आकाराच्या अक्षरांत. म्हणून आम्ही ठरवलं, की आमच्यापैकी प्रत्येकानं वर्षातून एकदा तरी त्या चौकोनाविषयी आपापल्या भाषेत लिहायचं किंवा बोलायचं. वाचक कंटाळले तरी चालतील. केरळच्या कासरगोडात आणि आपल्या राज्याच्या दक्षिण कन्नडात काजूच्या बागांवर एंडोसल्फान फवारलं गेलं, त्याच्या छायेत मुलं कशी जन्मली, हे सर्व देशानं पाहिलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यावर बंदी घातली ती मे २०११ मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं त्या डब्यावरच्या शब्दांचा अर्थ लोकांना कुणीतरी सांगायला हवा होता. हे वाक्य अण्णा फार खालच्या आवाजात म्हणत.

मंडळींची खरी परीक्षा झाली ती २००९ साली. एका कंपनीनं झाडांचं एक टॉनिक बाजारात आणलं. बाटलीवर 'संपूर्ण सेंद्रिय', 'आठ दिवसांत फुलं दुप्पट' वगैरे मजकूर. त्यांचा माणूस आम्हाला एकेकाला भेटला. म्हणणं असं, की मराठी, कन्नड, कोकणी आणि इंग्रजीत एकेक लेख यावा, आमच्या नावानं, जाहिरात असा उल्लेख न करता. दर लेखाला दहा हजार रुपये. त्या वेळी माझ्या सदराला दीडशे रुपये मिळत. दहा हजार ही आमच्यापैकी कुणालाच लहान रक्कम नव्हती.

आम्ही धारवाडला जमलो. गोकाककडचा एक तरुण लेखक त्याच वर्षी आमच्यात आला होता, कन्नड पाक्षिकात लिहिणारा. तो सरळ म्हणाला, "मी घेणार आहे. आईचं डायलिसिस चालू आहे. आठवड्याला दोनदा." कुणी काही बोलेना. तेवढ्यात आमच्या मराठी बाजूचे एक गृहस्थ बोलून गेले, "तुमच्याकडं चालत असेल हे."

त्या 'तुमच्याकडं'नं चहाच्या पेल्यांवर जणू साय धरली. संपादक उठून उभे राहिले. मला आठवतं, टपरीच्या छपरावर पाऊस वाजत होता आणि क्षणभर वाटलं, ही आपली शेवटची भेट. इतकी वर्षं आम्ही सीमाप्रश्न टाळला होता असं नव्हे. एक नोव्हेंबरला माझ्या घरी काळा दिवस असतो आणि अण्णांच्या घरी राज्योत्सव, हे दोघांनाही ठाऊक होतं. आमची मतं आम्ही एकमेकांना तोंडावर सांगितली होती. पण वहीच्या रकान्यात ती कधी उतरली नव्हती. आता उतरू पाहत होती.

अण्णांनी त्या गृहस्थांना बसवलं, संपादकांना बसवलं आणि म्हणाले, "टॉनिक लागू पडतं का, हे कुणी पाहिलंय?" कुणीच पाहिलं नव्हतं. "मग भांडता कशासाठी? आधी पाहू या."

पुढचे दीड महिने माझ्या गच्चीवर झेंडूच्या छत्तीस कुंड्या होत्या आणि धारवाडला अण्णांच्या अंगणात तेवढ्याच. बारांना टॉनिक, बारांना नुसतं पाणी, बारांना शेणकाला. माती एक, रोपं एका वाफ्यातली, फुलं मोजायला शेजारची शाळकरी मुलगी, जिला कोणत्या कुंडीला काय घातलंय ते सांगितलेलं नव्हतं. शेवटी टॉनिकच्या आणि पाण्याच्या कुंड्यांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. शेणकाल्याच्या थोड्या पुढं होत्या. बारा कुंड्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, हे आम्हालाही कळत होतं. पण विचारायला प्रश्न मिळाला होता. आम्ही कंपनीला पत्र लिहिलं: आपण केलेल्या चाचण्यांचे आकडे पाठवावेत. उत्तर आलं नाही. लेख कुणीच लिहिला नाही. गोकाकच्या त्या मुलानंही नाही. मंडळींनी आपसांत पैसे जमवले, पण ते मदत म्हणून दिले तर तो घेणार नाही, हे काकूंनी ओळखलं. त्यांनी त्याच्याकडून बावीस कीटकनाशकांच्या डब्यांवरचा मजकूर सोप्या, मोठ्या अक्षरांतल्या कन्नडमध्ये लिहवून घेतला आणि कामाचा मोबदला म्हणून ती रक्कम दिली. ज्यांच्या तोंडून 'तुमच्याकडं' निघालं होतं, त्यांनी सर्वांत जास्त घातले. त्याची आई त्यानंतर दोन वर्षं होती.

मी मात्र माझ्या सदरात एक लेख लिहिला. कंपनीचं नाव घेतलं नाही. बाटली विकत घेण्यापूर्वी कोणते चार प्रश्न विचारावेत, एवढंच त्यात होतं: आत काय आहे, किती आहे, चाचणी कुणी केली, आणि पाण्याशी तुलना केली का. दोन आठवड्यांनी साप्ताहिकाकडून निरोप आला, की जागेअभावी सदर थांबवत आहोत. त्याच अंकाच्या मागच्या पानावर त्या टॉनिकची रंगीत जाहिरात होती. वीस वर्षं दर आठवड्याला लिहिणाऱ्या माणसाचा एक दिवस रिकामा झाला की काय होतं, ते लिहिणाऱ्यालाच कळेल. मंगळवारी सकाळी हात आपोआप कागदाकडं जाई. मराठीसाठी तुरुंगात गेलेल्या माणसाच्या घरात बसून, आपल्याच भाषेतलं आपलं दार बंद झालेलं मी पाहत होते.

तिसऱ्या आठवड्यात कन्नड मासिकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, लिहायचं थांबवू नका. मराठीतच लिहा. भाषांतर आम्ही करतो." मी लिहीत गेले. गोकाकचा तो मुलगा त्याचं कन्नड करी, आणि न समजलेल्या शब्दाला फोन करी. "मोहर आणि फुलोरा यांत फरक काय?" "वाफसा म्हणजे नक्की किती ओल?" दीड वर्ष माझं मराठी लेखन कन्नडच्या आश्रयानं जगलं. पुढं दुसऱ्या एका मराठी नियतकालिकानं सदर मागितलं आणि मी स्वगृही आले. ते मासिक मात्र मी सोडलं नाही. आजही त्याच्यासाठी लिहिते, आणि आता भाषांतराची गरज पडत नाही.

आपण कुणाचे, हा प्रश्न सीमाभागातल्या माणसाला जन्मभर पुरतो. त्याचं मोठं उत्तर इतिहास आणि न्यायालय देईल तेव्हा देईल. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, त्याला इतकी वर्षं उलटली. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ला बदललं, तरी माझ्या तोंडून अजून बेळगावच निघतं. मराठी माझी आहे आणि मी मराठीची, याबद्दल मला कधी शंका वाटली नाही. पण आपण कामाचेही असतो. ज्या माणसांना आपल्या वाक्यातला आकडा आपल्याइतकाच काळजीचा वाटतो, ती माणसंही आपलं गोतच. हे मला ग्रंथांनी शिकवलं नाही, त्या छत्तीस कुंड्यांनी शिकवलं.

आता दिवस बदलले. शेतकऱ्यांसाठी दूरध्वनी सेवा २००४ साली सुरू झाली, शेतीला वाहिलेलं मराठी दैनिक २००५ साली निघालं, आणि आता तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. गच्चीवर बाग करणाऱ्या मुली मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच वाक्यात घालून झकास बोलतात, त्यांना पाहणारे माझ्या वाचकांच्या शंभरपट असतात. केळीच्या सालीच्या पाण्यानं गुलाब फुटबॉलएवढा होतो, असंही त्यांतले काही छातीठोकपणे सांगतात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. त्यांना अण्णा भेटले नाहीत, एवढाच फरक. म्हणून गेल्या काही वर्षांत मंडळींनी अशा तिघी-चौघींना भेटीला बोलावलं. गोकाकचा मुलगा आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ आहे आणि चित्रफिती करण्यात पटाईत. तो त्यांना आवाज आणि उजेडाच्या युक्त्या शिकवतो, आणि मग हळूच विचारतो, "हा आकडा कुठून आणला?" आमचा एकच नियम त्यांनाही सांगितला आहे: कुणी रोप फुकट दिलं, खत दिलं, प्रवासखर्च दिला, तर ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकायचं. वाचक त्यामुळं दूर जात नाही, उलट जवळ येतो.

अण्णा २०१९ साली गेले. महिनाभरानं त्यांचा मुलगा शहापूरला आला. हातात एक गठ्ठा. आकाशवाणीसाठी अण्णांनी लिहिलेल्या संहितांच्या प्रती, सगळ्या कन्नडमध्ये. उलगडून पाहते तो समासात जागोजागी पेन्सिलीनं नागरी अक्षरं: वाफसा. बहर धरणे. पाचट. तोडणी. चुका नसलेलं, शाळकरी मुलासारखं जपून काढलेलं अक्षर. मुलगा म्हणाला, "तुमचे लेख वाचायला मिळावेत म्हणून बाबा रात्री बाराखडी गिरवत. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते." मी त्याला चहा विचारायचीही विसरले, सूनच घेऊन आली.

शब्दवही सध्या माझ्याकडं आहे. तिची पानं पिवळी पडली आहेत, म्हणून सूनबाई ती संगणकावर उतरवून घेते आहे. चारही रकाने पूर्ण भरलेल्या ओळी थोड्या आहेत. कोकणीच्या रकान्यात तर बरीच पानं कोरी आहेत, कारण भाईंना आता डोळ्यांनी दिसत नाही. हा अंक खानापूर-निपाणीपासून डिचोली-पेडण्यापर्यंत घरोघर जातो, हे मला ठाऊक आहे. तुमच्या परसात जे झाड आहे, त्याला तुमची आजी काय म्हणत असे, शेजारची कन्नड अव्वा काय म्हणते, भाजीवाली काय म्हणते, ते एका पोस्टकार्डावर लिहून संपादकांच्या पत्त्यावर पाठवा. आणि लिहिताना गावाचं नाव विसरू नका. नाव कुठून आणलं, हे आमच्यात विचारतात.